'../' काढून टाकलं तरी ऑडिट नापास का होतं? जावा वेब ॲपमधले फाईल पाथ

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका साखर कारखान्याच्या शेतकी विभागासाठी सर्व्हलेट-जेएसपीवर (सर्व्हरवर चालणाऱ्या जावा कोडवर) बांधलेलं, टॉमकॅट या जावा सर्व्हरवर चालणारं वेब ॲप आहे. सभासद लॉगिन करतो आणि पंधरवडा बिलाची पीडीएफ उतरवून घेतो. लिंकमध्ये 'फाईल' नावाचा पॅरामीटर आहे, त्यातून पीडीएफचं नाव येतं. सर्व्हलेट ते नाव बिलांच्या फोल्डरला जोडतं आणि फाईल पाठवतं. सुरक्षा ऑडिटमध्ये 'पाथ ट्रॅव्हर्सल, सीडब्ल्यूई-२२, गंभीर' असा शेरा आला, म्हणजे ठरलेल्या फोल्डरबाहेरची फाईलही मागवता येते (सीडब्ल्यूई-२२ हा त्या दोषाचा यादीतला क्रमांक). म्हणून विचारणाऱ्यांनी येणाऱ्या नावातून '../', म्हणजे 'एक फोल्डर वर जा' अशी खूण, काढून टाकणारी एक ओळ घातली. फेरतपासणीत तोच शेरा पुन्हा आला. आता ते विचारतायत, कुठला रेजेक्स (मजकूर जुळवायचा साचा) लावला म्हणजे हे मिटेल?

कुठल्याच रेजेक्सनं मिटणार नाही. कोल्हापूर भागातल्या पतसंस्था, दूध संस्था आणि कारखान्यांची जावा ॲप मी बरीच वर्षं सांभाळतोय, आणि हा शेरा आला की पहिला हात सगळ्यांचा रेजेक्सकडेच जातो. खरा प्रश्न वेगळा आहे. बाहेरून आलेल्या अक्षरांवरून सर्व्हरच्या डिस्कवरची कुठली फाईल उघडायची, हे तुमचं ॲप ठरवतंय. ते नाव दिसतं कसं यावर कितीही पहारा ठेवला तरी उपयोग नाही. ते शेवटी पोचतं कुठं, यावर निर्णय घ्यायला हवा. त्याहून बरं म्हणजे, नाव बाहेरून घ्यायचंच नाही.

आधी तुमची ती ओळ का फसते ते बघा. समजा नाव म्हणून '....//' आलं. जावाची रिप्लेस मेथड डावीकडून उजवीकडे एकदाच फिरते. मधला '../' तिला सापडतो, ती तो काढते, आणि दोन्ही बाजूंचं उरलेलं जोडलं की तयार होतं '../'. म्हणजे तुमच्या फिल्टरनंच हल्लेखोराला हवा तो तुकडा बनवून दिला. रिप्लेस लूपमध्ये घातली तर हा एक डाव बंद होतो, पण सर्व्हर विंडोजचा असेल तर '..\' शिल्लक राहतो. त्यापुढे एन्कोडिंग, म्हणजे तीच चिन्हं लिंकमध्ये सांकेतिक रूपात लिहिणं. क्वेरी पॅरामीटर टॉमकॅट एकदा डीकोड करून देतं. पण कुणीतरी कधीतरी 'मराठी नावं नीट येईनात' म्हणून कोडमध्ये यूआरएल-डीकोडर आणखी एकदा चालवलेला असतो. असा दुसरा डीकोड फिल्टरच्या नंतर होत असेल, तर दोनदा एन्कोड केलेले टिंब आणि स्लॅश फिल्टरसमोरून साळसूदपणे निघून जातात.

हे फक्त आपल्यासारख्यांच्या कोडमध्ये होतं असं समजू नका. ऑक्टोबर २०२१ मध्ये अपाची एचटीटीपी सर्व्हरच्या २.४.४९ या आवृत्तीत नेमका पाथ ट्रॅव्हर्सलचा दोष निघाला. घाईनं २.४.५० काढली, तर ती दुरुस्ती दुहेरी एन्कोडिंगनं चकवता येते हे लगेच कळलं, आणि काही दिवसांत २.४.५१ काढावी लागली. तो सर्व्हर सी भाषेत आहे, जावाशी त्याचा संबंध नाही. पण स्ट्रिंग धुवून स्वच्छ करायचा खेळ जगातल्या सर्वात जास्त वापरल्या जाणाऱ्या वेब सर्व्हरपैकी एकाला जमला नाही, तो आपण एका ओळीत कशाला खेळायचा? जावावाल्यांसाठी जवळचं उदाहरण म्हणजे डिसेंबर २०२३ मधला स्ट्रट्स २ या जावा फ्रेमवर्कचा दोष. तिथं फाईल अपलोडच्या पॅरामीटरमध्ये खेळ करून फाईल भलत्याच जागी टाकता येत होती.

आता उपाय. तो परिस्थितीवर अवलंबून आहे, कारण 'फाईल पाथ' या नावाखाली निदान तीन वेगळी कामं येतात.

तुमचं काम पहिल्या प्रकारचं आहे, आणि ते सर्वात सोपं आहे. बिलाची पीडीएफ तुमचंच ॲप तयार करतं, ती कुठं ठेवली हे तुम्हालाच माहीत असतं. मग ब्राउझरला फाईलचं नाव सांगायचंच कशाला? बिलांच्या टेबलमध्ये पाथचा एक कॉलम ठेवा, लिंकमध्ये फक्त बिलाचा आयडी पाठवा, सर्व्हलेटमध्ये तो लाँगमध्ये पार्स करा. आकडा नसेल तर तिथंच ४००, म्हणजे 'चुकीची रिक्वेस्ट' हे उत्तर. आता आत टिंबं, स्लॅश काहीच येऊ शकत नाही. सीडब्ल्यूई-२२ चा विषय इथं मुळातच संपतो.

पण इथं थांबू नका. आयडी क्रमानं असतात. ५०१२ च्या जागी ५०१३ टाकला की शेजारच्या सभासदाचं बिल उघडत असेल, तर एक भोक बुजवून दुसरं पाडलं असं होईल. ऑडिटचा सुरक्षा स्कॅनर हे बहुतेक वेळा पकडत नाही, कारण त्याच्या दृष्टीनं दोन्ही उत्तरं व्यवस्थित पीडीएफच असतात. गावात मात्र ते लगेच कळतं. कुणाचं टनेज किती, सोसायटीची कपात किती, हातात किती पडले, हे सगळं त्या एका पानावर असतं. म्हणून क्वेरीच्या अटीत आयडीबरोबर सेशनमधला सभासद कोडही घाला. रिक्वेस्टमधून आलेला कोड नव्हे, लॉगिनच्या वेळी तुम्ही सेशनमध्ये ठेवलेला. ओळ सापडली नाही की ४०४, म्हणजे 'सापडलं नाही'. 'हे बिल तुमचं नाही' असा निरोप देऊ नका, त्यातून बिल अस्तित्वात आहे एवढं तरी कळतंच.

दुसरा प्रकार म्हणजे ज्याला फोल्डरमधून खरोखरच नावानं फाईल निवडावी लागते. उदाहरणार्थ, शेतकी ऑफिसातला क्लार्क. कागद स्कॅन करायचं मशीन थेट शेअर्ड फोल्डरमध्ये फाईल टाकतं, आत हंगाम, गट, गाव असे फोल्डर आहेत, आणि डेटाबेसमध्ये त्यांची नोंद नाही. इथं बाहेरून पाथ घेणं टळत नाही. मग मी चार पायऱ्या करतो, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

ॲप सुरू होतानाच मूळ फोल्डरचा खरा पाथ टू-रिअल-पाथ मेथडनं काढून ठेवायचा. रिक्वेस्ट आली की त्यावर रिझॉल्व्ह (आलेलं नाव मूळ फोल्डरला जोडणं) आणि लगेच नॉर्मलाइझ (पाथमधले '..' सोडवून तो सरळ करणं). मग मिळालेला पाथ मूळ फोल्डरनं सुरू होतो का ते स्टार्ट्स-विथनं तपासायचं. शेवटी फाईल अस्तित्वात असेल तर तिचाही टू-रिअल-पाथ काढून तीच तपासणी पुन्हा, आणि ती साधी फाईल आहे, फोल्डर नाही, याची खात्री.

यातल्या प्रत्येक पायरीला कारण आहे. रिझॉल्व्हचं एक वागणं पुष्कळांना माहीत नसतं. त्याला पूर्ण पाथ दिला, म्हणजे '/' नं सुरू होणारा, तर तो मूळ फोल्डर चक्क सोडून देतो आणि दिलेला पाथच परत करतो. जावाचा जुना फाईल क्लास असं करत नाही. लिनक्सवर तो दोन्ही तुकडे एकापुढे एक जोडतो. त्यामुळे 'जुनं काढून जावा ७ चं नवं एपीआय वापरलं, आता आपण सुरक्षित' असं म्हणत नुसता बदल केला, तर आधी नसलेलं भोक तयार होतं. कोड सुधारायला घेतलेल्या ठिकाणी हे मी पाहिलंय, आणि रिव्ह्यूमध्ये ते डोळ्यांना खुपत नाही, कारण कोड आधीपेक्षा सुबक दिसतो.

नॉर्मलाइझ आधी, तपासणी नंतर. उलट केलं तर '/डेटा/बिलं/../गुप्त' हा पाथ 'बिलं' नंच सुरू होतो, त्यामुळे तपासणी आनंदानं पास होते.

स्टार्ट्स-विथ हा पाथ क्लासचा हवा, स्ट्रिंगचा नको. हा फरक मी नव्या पोरांना पत्त्यावरून सांगतो. 'राजारामपुरी १' हा मजकूर 'राजारामपुरी ११' च्या सुरुवातीला अक्षरशः बसतो, पण पहिली गल्ली आणि अकरावी गल्ली एक नव्हे. स्ट्रिंगची तुलना अक्षरं बघते, म्हणून '/डेटा/बिलं' ची परवानगी '/डेटा/बिलंजुनी' लाही मिळते. पाथ क्लास पूर्ण तुकडे जुळवतो, तिथं ही गफलत होत नाही.

राहिला टू-रिअल-पाथ. नॉर्मलाइझ फक्त कागदावरचं गणित करतो, डिस्कला हात लावत नाही. त्यामुळे आत एखादी सिम्बॉलिक लिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारी नोंद) बाहेर नेत असेल तर ते त्याला कळत नाही. टू-रिअल-पाथ डिस्कवर जाऊन लिंका सोडवतो. फाईल नसेल तर तो एक्सेप्शन टाकतो, म्हणून नव्यानं लिहायच्या फाईलला तो चालत नाही. तिथं आई-फोल्डरचा खरा पाथ काढून त्यावर तपासणी करायची.

इथं एक व्यवहारातली अडचण येते. डिस्क भरली की सर्व्हर सांभाळणारा माणूस जुन्या हंगामाचा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवतो आणि जागेवर लिंक ठेवतो. त्याचं काही चुकलेलं नसतं. पण तुमची तपासणी आता खऱ्या फायलींनाही नकार देते, आणि सोमवारी सकाळी ऑफिसातून फोन येतो की मागच्या हंगामाचं काहीच उघडेना. अशा वेळी दबावाखाली शेवटची तपासणी काढून टाकू नका. परवानगी असलेल्या मूळ फोल्डरांची यादी कॉन्फिगमध्ये ठेवा आणि दुसऱ्या डिस्कवरची जागा त्या यादीत घाला. तपासणी आणि फाईल उघडणं यांच्या मधल्या क्षणात कुणी लिंक बदलली तर, असाही प्रश्न निघतो. त्या फोल्डरमध्ये तुमच्या ॲपशिवाय आणि स्कॅनरशिवाय कुणालाच लिहिता येत नसेल तर मी त्यावर डोकं खपवत नाही. लिहिता येत असेल, तर आधी ती परवानगी काढा.

तिसरा प्रकार अपलोडचा. तुमच्या प्रश्नात तो नाही, पण ऊस नोंदीच्या ॲपमध्ये सातबारा आणि पासबुकाचा फोटो चढवायची सोय असणारच. नियम एकच: डिस्कवरचं नाव तुम्ही द्यायचं. यूयूआयडी (आपोआप तयार होणारा, पुन्हा न येणारा ओळख क्रमांक) काढा, त्या नावानं 'नवीनच तयार कर' हा पर्याय देऊन फाईल लिहा, म्हणजे आहे त्यावर ओव्हरराईट होणार नाही. सभासदानं दिलेलं नाव डेटाबेसच्या कॉलममध्ये ठेवा, ते फक्त दाखवायला. ब्राउझरनं पाठवलेल्या नावावर गेट-फाईल-नेम चालवून शेवटचा तुकडा घेतला की झालं, असं वाटतं. पण जुना इंटरनेट एक्स्प्लोरर विंडोजचा पूर्ण पाथ पाठवायचा, आणि लिनक्सवरच्या जावाला '\' हा विभाजक वाटतच नाही. त्यामुळे 'शेवटचा तुकडा' म्हणून सबंध पाथच हातात पडतो. ब्राउझर आता बदलले, पण हाताने रिक्वेस्ट बनवणारा काहीही पाठवू शकतो.

मराठी नावांची तर वेगळीच गंमत आहे, आणि इंग्रजी मार्गदर्शनात ती सहसा मिळत नाही. लिनक्सच्या एक्स्ट-४ फाईल सिस्टिमवर नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, हलन्त ही वेगळी चिन्हं मोजली जातात. म्हणजे ८५ चिन्हांत खेळ संपला. 'गट नंबर अमुक सामाईक खातेदार यांचा सातबारा व आठ अ उतारा नवीन' अशा थाटाची नावं आणखी थोडी लांबली की ती मर्यादा गाठतात.

दुसरी गोष्ट 'शेतकऱ्यांची यादी' या नावाची. यातला 'ऱ' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एक अखंड चिन्ह म्हणून, किंवा 'र' आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणून. डोळ्यांना फरक शून्य, बाइट मात्र वेगळे. मॅकच्या जुन्या फाईल सिस्टिमवरून आलेलं नाव सुटं असू शकतं, विंडोजवर टाईप केलेलं बहुधा अखंड. मग यादीत फाईल दिसते आणि क्लिक केलं की 'सापडली नाही'. नावांची तुलना करायचीच असेल तर दोन्ही बाजू आधी जावाच्या नॉर्मलायझर क्लासनं एनएफसी (अखंड चिन्हांच्या) रूपात आणा. युनिकोडचं हे नॉर्मलायझेशन आणि पाथचं नॉर्मलाइझ ही दोन वेगळी कामं आहेत, आणि युनिकोडचं पाथ बनवायच्या आधी व्हायला हवं.

तिसरी गोष्ट लोकॅलची, म्हणजे सर्व्हरवरच्या भाषा-लिपीच्या सेटिंगची. तुमच्या लॅपटॉपवर मराठी नावाची फाईल बिनबोभाट उघडते, सर्व्हरवर टॉमकॅट सर्व्हिस म्हणून चालवला की पाथ बनवतानाच इनव्हॅलिड-पाथ-एक्सेप्शन येतं. कारण सर्व्हिसला यूटीएफ-८ लोकॅल मिळालेलं नसतं. जावा १८ पासून मजकुराचं डिफॉल्ट एन्कोडिंग यूटीएफ-८ झालं, पण फाईलच्या नावांचं एन्कोडिंग अजून लोकॅलवरून ठरतं. सर्व्हिसच्या फाईलमध्ये लँग व्हेरिएबल सेट करा. डिस्कवर यूयूआयडीची नावं असतील तर या तिन्ही कटकटी तुमच्या वाट्याला येतच नाहीत, हा आणखी एक फायदा. हेच एक्सेप्शन नावात शून्य बाइट घुसवला तरी येतं, म्हणून ते पकडून ४०० द्या. पकडलं नाही तर स्टॅक ट्रेससह ५०० चं पान जातं आणि त्यात तुमचे फोल्डर दिसतात.

डाउनलोडच्या वेळी मराठी नाव द्यायचं असेल तर कंटेंट-डिस्पोझिशन हेडरमध्ये तारांकित फाईलनेम पॅरामीटर यूटीएफ-८ मध्ये एन्कोड करून द्यावा लागतो. स्प्रिंग हे जावा फ्रेमवर्क वापरत असाल तर त्याचा तयार क्लास वापरा, हातानं स्ट्रिंग जोडत बसू नका. नावात नवी ओळ घुसली तर हेडरच फुटतं.

अपलोडचा फोल्डर वेबॲपच्या आत कधीच नको. तिथं कुणी जेएसपी चढवली तर टॉमकॅट ती चालवतो, हे एक. नवी वॉर फाईल (सगळं ॲप बांधलेलं एक पॅकेज) टाकली की जुना फोल्डर पुसला जातो आणि सभासदांचे सातबारे गेले, हे दुसरं. शिवाय गेट-रिअल-पाथवर विसंबलेला कोड वॉर न उलगडता चालवली की नल देतो. जागा बाहेर, पाथ कॉन्फिगमध्ये. टॉमकॅट रूट म्हणून किंवा विंडोजवर लोकल सिस्टिम म्हणून चालत असेल तर आजच बदला. त्याचा वेगळा युजर करा, त्याला बिलांचा फोल्डर फक्त वाचायला आणि अपलोडचा फोल्डर लिहायला द्या. कोडमध्ये काही निसटलं तरी डेटाबेसचा पासवर्ड असलेली दुसऱ्या ॲपची कॉन्फिग फाईल त्याच्या हाती लागू नये, एवढ्यासाठी.

मुख्य ऑफिसकडून बिलांची झिप येत असेल तर तिच्या आतल्या प्रत्येक नावालाही वरचीच तपासणी लावा. झिपमधल्या नोंदीचं नाव '../' नं सुरू होऊ शकतं. २०१८ मध्ये 'झिप स्लिप' या नावानं हा दोष गाजला तेव्हा कितीतरी जावा लायब्रऱ्या त्यात सापडल्या होत्या.

ऑडिटरला उत्तर देताना 'दुरुस्त केले' एवढं लिहून पाठवू नका. चाचण्या जोडा: '../', '....//', उलटा स्लॅश, '/' नं सुरू होणारा पूर्ण पाथ, एकदा आणि दोनदा एन्कोड केलेली रूपं, रिकामं नाव, शेजारच्या सारख्या नावाच्या फोल्डरचा पाथ, बाहेर नेणारी लिंक, आणि दुसऱ्या सभासदाचा आयडी. जेयुनिट या चाचण्यांच्या लायब्ररीत तात्पुरता फोल्डर मिळतो, त्यात हे सगळं बसतं. तुम्ही विंडोजवर कोड लिहीत असाल आणि सर्व्हर लिनक्सचा असेल, तर चाचण्या दोन्हीकडे चालवा. उलट्या स्लॅशचं उत्तर दोन्हीकडे वेगळं येतं.

एक मात्र तुम्ही विचारलं नाही, पण आयडीवर गेलात की दुसऱ्याच दिवशी समोर येईल. जुन्या, फाईलच्या नावाच्या लिंका सभासदांच्या मोबाईलवर एसएमएसमध्ये पडून आहेत, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतायत. त्या एकदम बंद केल्या तर गट ऑफिसात रांग लागेल. जुना सर्व्हलेट ठेवा, पण त्याचा डिस्कशी संबंध तोडा. आलेलं नाव जसंच्या तसं टेबलच्या जुन्या नावाच्या कॉलममध्ये प्रिपेअर्ड स्टेटमेंटनं, म्हणजे नाव क्वेरीच्या मजकुरात न जोडता वेगळं देऊन, शोधा. सापडलं तर लॉगिन आणि सभासद कोडाची तपासणी होऊन आयडीच्या लिंकवर पाठवा, नाही सापडलं तर ४०४. त्या सर्व्हलेटवर किती रिक्वेस्ट येतात ते लॉगमध्ये बघत राहा. गाळप संपून शेवटचा पंधरवडा जमा झाला की आकडा आपोआप खाली येईल, तेव्हा तो काढून टाका.